साडेतीन बिड्या

किल्ल्याच्या फाटकापासून कन्ना चौकापर्यंत
माझा मोबाइल म्हणतो, तेवीस मिनिटं.
नान्ना म्हणायचे, साडेतीन बिड्या.

तेहतीस वर्षं पहारा केला त्यांनी किल्ल्यात.
बुरुजावर नावं कोरणारी पोरं हाकलली,
फुलं तोडणाऱ्यांवर शिट्ट्या फुंकल्या,
आणि सहाला कुलूप घालून
याच रस्त्यानं घरी, धुराच्या मापानं.

आता ते पलंगावर.
नाकात नळी, उशाशी घरघरणारं मशीन.
म्हणाले, तू चाल. मी ऐकतो.
म्हणून फोन कानाला लावून निघाले,
एप्रिलची संध्याकाळ,
डांबर अजून तव्यासारखं.

पहिलीत खंदक मागं पडतो.
तळ्याच्या पाण्यात सिद्धेश्वराचं शिखर
मोडतं, पुन्हा जुळतं.
"हात जोडलास?"
जोडला, एकच. दुसऱ्यात तुम्ही आहात.
ते हसतात, मग खोकतात,
मग थोडा वेळ मशीनच बोलतं.

दुसरी पंचकट्ट्यावर पेटवायची.
का, ते विचारायचं राहिलं,
आता विचारलं तर म्हणतात,
"तिथं काडी विझत नाही. एवढंच."
मी उभी राहते तिथं,
काडी नसलेली, बिडी नसलेली,
आणि खरंच, ओढणीसुद्धा हलत नाही.

पुढं विजापूर वेस.
एका बाईनं टरबुजाचा भाव कानडीत विचारला,
गाडीवाल्यानं उर्दूत वाढवला,
पैसे मराठीत मोजले गेले.
"वेस कुठंय, असं कुणाला विचारू नकोस,"
नान्ना म्हणतात,
"दार कधीच गेलं. नाव तेवढं येतं-जातं."

तिसरी महताब मोमीनच्या मागापाशी.
गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची शेड,
चादरी विणायचा. खिडकीतून हात काढून
नान्नांच्या बिडीवर आपली पेटवायचा.
दोघं फारसं बोलत नसत.
त्या खटखटीत बोलणार काय?

"महताब आहे का?"
शेडला कुलूप. कुलपावर जाळं.
दारात कुणीतरी सिमेंटची पोती रचलेली.
"आहे," मी म्हणाले.
"माग चालू आहे, नान्ना. सलाम सांगितलाय तुम्हाला."

फोनमध्ये गप्प.
मला वाटलं, रेंज गेली.
मग अगदी हळू, जणू पलीकडे
झोपलेलं कुणी उठेल म्हणून:
"अगं, ऐकतोय ना मी मघापासून.
माग चालू असता
तर तुझा आवाज मला आला असता का?"

रिक्षा गेली. एका पोरानं पतंगाचा मांजा ओढला.
मी काही बोलले नाही. तेही नाहीत.
तशीच मधल्या मारुतीपर्यंत आले,
तिसरी संपेपर्यंत,
ते दोघं संपवत तशी.

उरली अर्धी.
कोंतम चौकातून कन्ना चौकाकडं.
ही पूर्ण ओढायची नाही, असा नेम.
चौकात विझवून कानामागं खोचायची,
कारण घरात राजव्वा,
दिवसाला हजार बिड्या वळणारी माझी आई,
जिच्या बोटांना, पदराला, पिठाला, आमच्या केसांना
जन्मभर तंबाखूचा वास,
आणि जिला नवऱ्याच्या तोंडाचा तेवढा
खपायचा नाही.

जिन्याखाली पोचले तर मोबाइलवर एकोणचाळीस मिनिटं.
"किती झाल्या?" वरून आणि फोनमधून
एकदमच विचारलं त्यांनी.
साडेतीन, मी म्हणाले.
हे खोटं त्यांनी चालवून घेतलं.

दार आईनं उघडलं.
मांडीवरचं सूप बाजूला सारून उठलेली,
हातात कात्री, बोटात दोरा.
सवयीनं जवळ आली, माझ्या तोंडाचा वास घेतला,
आणि आत पलंगाकडं बघत
तेलुगूत काहीतरी पुटपुटली,
जे मला नीट कळलं नाही.
ते मात्र कितीतरी वेळ हसत होते.